अलिया: ठाण्यातल्या एका कुटुंबाच्या स्थलांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

अलिया म्हणजे ज्यू माणसांनी इस्रायलला कायमचं राहायला जाणं. हे प्रकरण आहे ठाण्यातल्या पाच माणसांच्या कुटुंबाचं. नावं देत नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही फिरवले आहेत. सोसायटीत सगळे त्यांना भाऊ-वहिनी म्हणतात, इथेही तेच ठेवते. मी त्यांची शेजारीण. बँकेत परदेशस्थांच्या खात्यांच्या टेबलावर वीस वर्षं काढली, आणि निवृत्त झाल्यापासून समाजातल्या लोकांचे कागद लावून देते. या प्रकरणात माझीही एक चूक आहे. ती तिच्या जागी सांगेन.

भाऊ बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. २०१७ मध्ये वय ४६, तळोज्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा सुपरवायझर. वहिनी साताऱ्याकडची, हिंदू, नर्स. लग्न १९९८ मध्ये विशेष विवाह कायद्याखाली, रजिस्ट्रारसमोर. थोरली तेव्हा अकरावीत, धाकटा सहावीत. आणि भाऊची आई, ७५ वर्षांच्या, सगळ्यांच्या आजी. त्यांचं माहेर अलिबागच्या इस्रायल आळीतलं.

ज्यांना समाज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. त्यांचे वंशज कोकणात तेलघाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. गावावरून आडनावं पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, आमच्या म्हाताऱ्या माणसांनी ‘दारफाळणीचा सण’ म्हटलं आणि नवस फेडायला एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाचा, मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) केला. मागच्या शतकाच्या मध्याला समाज वीस हजारांच्या आसपास होता. १९४८ ला इस्रायल झालं, १९५० ला तिथे ज्यूंना येऊन राहायचा हक्क देणारा परतीचा कायदा आला, आणि घरंच्या घरं उठून गेली. आज इथे जेमतेम काही हजार उरलोय.

आजींचे धाकटे भाऊ, म्हणजे आमच्या भाऊचे मामा, १९६३ मध्ये गेले. त्यांना नेगेव्हच्या वाळवंटात दिमोना इथे घर मिळालं. दिमोना वसून तेव्हा आठच वर्षं झाली होती. मामा दर दोन-तीन वर्षांनी यायचे, जाताना कोकम, कुळथाचं पीठ आणि चार मराठी पुस्तकं घेऊन जायचे, आणि प्रत्येक वेळी एकच वाक्य टाकून जायचे: “तुम्ही अजून इथेच?”

अडचण

जाण्याचं कारण धर्म नव्हतं, हे आधी स्पष्ट करते. भाऊ वर्षातून चार-पाच वेळा सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, दिसणारा माणूस. कारखान्यात कायम कामगार कमी करून कंत्राटी घ्यायला सुरुवात झाली होती आणि पन्नाशीच्या आत काहीतरी केलं पाहिजे ही टोचणी त्याला लागली होती. वहिनी रात्रपाळ्यांना कंटाळली होती. त्यात जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान मोदी इस्रायलला गेले. तेल अवीवच्या सभेत त्यांनी भारतीय वंशाच्या लोकांना सांगितलं की इस्रायलची सक्तीची लष्करी सेवा केली असली तरी ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येऊ-राहू देणारं कार्ड मिळेल. तो व्हिडिओ मामांनी पाठवला. भाऊने तो जेवणाच्या टेबलावर मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून सगळ्यांना दाखवला.

घरात प्रश्न मांडला गेला तो असा: जायचं की नाही? मला वाटतं पहिली गफलत इथेच झाली. त्या एका प्रश्नात निदान चार प्रश्न होते. कोण जाणार? नागरिकत्वाचं काय? वहिनीचं आणि मुलांचं तिथे नेमकं स्थान काय? इथल्या म्हाताऱ्या माणसाचं काय? हे चारही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या टेबलांवर समोर आले, आणि दर वेळी घरच्यांना वाटलं की अरे, हे तर ठरलं होतं ना.

आजींनी पहिल्याच रात्री आपलं मत सांगून टाकलं. “पूर्वजांच्या देशात जाता म्हणता. पूर्वज कुठे पुरलेत? नवगावला.” थोरलीचा आक्षेप निराळा होता. तिने विचारलं, दोन हजार वर्षांपूर्वी गेलेल्याला परत यायचा हक्क आहे, आणि १९४८ मध्ये घर सोडून गेलेल्या पॅलेस्टिनी माणसाला नाही, हे कसं? भाऊकडे उत्तर नव्हतं. “तू अभ्यास कर,” म्हणाला. विषय तिथेच थांबला, पण मुलगी थांबली नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांनी एकदम जाण्याचा. मामांचा आग्रह यालाच होता. सगळे गेले तर भत्ता सगळ्यांचा, घर एक, मागे काही उरत नाही. अडचण आजींची. त्या गेल्या असत्या तर कुपात होलिम, म्हणजे तिथली आरोग्यसेवा, पहिल्या दिवसापासून मिळाली असती, आणि ही लहान गोष्ट नाही. पण साठीनंतर आलेल्यांना विम्याचं नेहमीचं वार्धक्य वेतन मिळत नाही, मिळकत बघून विशेष भत्ता मिळतो. पैशांपेक्षा मोठी गोष्ट भाषेची. ७५ व्या वर्षी हिब्रू शिकून डॉक्टरला गुडघा कुठे दुखतो ते सांगायचं? दिमोनात मराठी बोलणारी म्हातारी माणसं आहेत, हे खरं. पण दिमोनात नोकरी नव्हती.

दुसरा पर्याय: भाऊ, वहिनी आणि धाकटा जातील, थोरली बारावीनंतर इथेच पदवी करील आणि आजींजवळ राहील. तिसरा: भाऊ एकटा सहा महिने जाऊन बघेल. चौथा: न जाणं. चौथ्यावर कोणी गंभीरपणे बोललंच नाही. घरात एकदा बॅगांचा विषय निघाला की न जाणं हा पर्याय राहत नाही, तो पराभव वाटायला लागतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत हेच बघते.

तिसरा पर्याय खरं तर सगळ्यात शहाणपणाचा होता आणि त्यासाठी कायद्यात सोयही आहे. परतीच्या कायद्याखाली हक्क असलेल्या माणसाला इस्रायल ए-वन नावाचा तात्पुरत्या वास्तव्याचा व्हिसा देऊ शकतं. नागरिकत्व न घेता राहता येतं, काम करता येतं. नव्याने आलेल्यांचे भत्ते त्यावर मिळत नाहीत, म्हणून ते त्याची फारशी जाहिरात करत नाहीत. या घरात कोणालाच तो माहीत नव्हता. मला ऐकून माहीत होता, पण ‘तो विद्यार्थ्यांसाठी असतो’ अशी माझी समजूत होती आणि मी तो उल्लेखलाच नाही. ही माझी चूक.

काय केलं: कागद

फाइल उघडली ज्यूइश एजन्सीकडे, म्हणजे इस्रायलला जाणाऱ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेकडे. कायद्यानुसार ज्यू माणूस, त्याची मुलं, नातवंडं आणि या सगळ्यांचे नवरा-बायको, इतक्यांना हक्क आहे. हा विस्तार १९७० च्या दुरुस्तीने झाला. म्हणजे वहिनी हिंदू असूनही सोबत जाऊ शकत होती. पण भाऊ ज्यू आहे हे दाखवायचं कसं?

आजींकडे पार्ले बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. झाकण गंजून घट्ट बसलेलं, चमच्याच्या मागच्या टोकाने उचकटावं लागायचं. आत त्यांच्या लग्नाचा केतुबा, म्हणजे विवाहकरार, चार घड्या घातलेला. सिनेगॉगच्या वर्गणीच्या पावत्या. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. आणि सातबाराचे कित्येक जुने उतारे. केतुब्याच्या घडीवर तेलाचा डाग पडून दोन अक्षरं गेली होती. आजी म्हणाल्या, “घाण्याचं नाही हं ते, खोबरेल सांडलं होतं.” सिनेगॉगच्या विश्वस्तांनी पत्र दिलं. अलिबागच्या कब्रस्तानात जाऊन थोरलीने पणजोबांच्या कबरीचे फोटो काढले. वर हिब्रू, खाली मराठी.

मग नावांचा घोळ. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव नाही, नुसतं वडिलांचं नाव. भाऊच्या जन्मदाखल्यावर आडनाव आहे, पण पासपोर्टातल्यापेक्षा एक अक्षर वेगळं. प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नावाची दुरुस्ती, मग दाखल्यांवर मंत्रालयातून गृह विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचं प्रमाणन. पोलिसांचा चारित्र्य दाखला वेगळा. यात आठ महिने गेले. ज्यांना हे करायचंय त्यांना मी एवढंच सांगते: आधी सगळे दाखले एका टेबलावर पसरा आणि नावं अक्षर-अक्षर लावून वाचा, मग रांगेत उभे राहा.

पैशांचं काम माझ्याकडे होतं. कायमच्या स्थलांतराच्या कारणावर भाऊला भविष्य निर्वाह निधी पूर्ण काढता आला. बचत खातं मात्र गेल्यावर एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं रुपयातलं खातं, करून घे म्हणून मी तीनदा बजावलं, आणि त्याने ते वर्षभर केलं नाही. ठाण्याचा फ्लॅट विकायचा नाही असं ठरलं. तो निर्णय आजींमुळे झाला, पण पुढे सगळ्यांच्याच उपयोगी पडला.

पहिला निर्णय: कोण जाणार

जानेवारी २०१८ मध्ये थोरली अठराची झाली. बारावीचा निकाल लागल्यावर तिने सांगितलं की ती जात नाही. रडारड झाली, पण फार नाही. भाऊला आतून थोडं हायसंच वाटलं असावं, कारण आजींचा प्रश्न परस्पर सुटत होता. इथे थांबून बोललं पाहिजे. अठरा वर्षांच्या मुलीने स्वतःसाठी घेतलेला निर्णय घरच्यांनी आजींची व्यवस्था म्हणून वापरून टाकला. तिला कोणी विचारलं नाही की कॉलेज सांभाळून ७६ वर्षांच्या बाईची जबाबदारी घेशील का. ती नाही म्हणाली नसती. पण विचारलं असतं तर निदान रात्रीसाठी बाई ठेवायची, शेजारी किल्ली द्यायची, हॉस्पिटलच्या सहीचा अधिकार कोणाकडे, हे तरी बोलणं झालं असतं.

जुलै २०१८ मध्ये तिघं मुंबईहून गेले.

दुसरा निर्णय, जो निर्णय आहे हे कळलंच नाही

बेन गुरियन विमानतळावर नव्याने आलेल्यांसाठी वेगळं दालन आहे. तिथे ओलेची, म्हणजे नव्याने आलेल्याची, पुस्तिका, आरोग्य संस्था निवडायचा कागद, आणि सल क्लिताचा, म्हणजे स्थिरावण्याच्या भत्त्याचा पहिला हप्ता हातात मिळतो. बाकीचा सहा महिने दरमहा बँकेत जमा होतो. मामांची नातवंडं फुगे घेऊन आली होती. वहिनीने मला फोटो पाठवला, त्यात भाऊ एका फॉर्मवर सही करतोय आणि धाकटा काउंटरवरच्या लॉलीपॉपकडे बघतोय.

त्या दिवशी भाऊ इस्रायलचा नागरिक झाला. परतीच्या कायद्याखाली येणाऱ्याला नागरिकत्व मागावं लागत नाही, आल्या दिवशी ते आपोआप लागू होतं. नको असेल तर प्रौढ माणसाला तीन महिन्यांच्या आत तसं लेखी कळवता येतं. मग तो नुसता कायम रहिवासी राहतो. आणि आपल्याकडे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचा नागरिक झालेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. तेव्हा भारतीय पासपोर्ट जमा करायचा, त्याचा दाखला घ्यायचा, आणि मग ओसीआयसाठी अर्ज करायचा. पासपोर्ट तसाच जवळ ठेवून दिला तर दंड होऊ शकतो.

भाऊला यातलं अर्धंच माहीत होतं. ओसीआय मिळतं हे त्या व्हिडिओमुळे पाठ होतं. पण ‘मिळतं’ आणि ‘मिळालंय’ यातल्या अंतराचा विचार कोणी केला नव्हता. तिथल्या एका ओळखीच्याने सांगितलं, पासपोर्टाची मुदत २०२४ पर्यंत आहे ना, मग घाई काय. पासपोर्ट बीरशेवा या दिमोनाजवळच्या शहरातल्या भाड्याच्या घरात, कपड्यांच्या कपाटात, हिवाळी मोज्यांखाली पडून राहिला.

घर बीरशेव्यात घेतलं, दिमोनात नाही. हा निर्णय चांगला ठरला. उल्पान, म्हणजे नवख्यांसाठीचा हिब्रूचा वर्ग, तिथेच होता, आठवड्याचे पाच दिवस, पाच महिने, सकाळभर हिब्रू. दिमोना बसने जवळ, शुक्रवारी मामांकडे जाता यायचं. मामांकडे चिंबोऱ्यांचा विषय निघाला की सगळे गप्प होत. कोशर, म्हणजे धर्माने खायला चालणाऱ्या, नाहीत, पण आठवण कोणाची जात नाही. वहिनीचं हिब्रू भाऊच्या आधी सुटलं. ती वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली, दिवसा म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलायची आणि रात्री नर्सिंगच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास. भाऊला कारखान्यात काम मिळालं, पण सुपरवायझरचं नाही, हातात पाना घेऊन. “मशीन तेच आहे मावशी,” तो मला फोनवर म्हणाला, “शिव्या तेवढ्या नवीन आहेत.”

सप्टेंबर २०१९

आजी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात संमतीपत्रावर सही थोरलीने केली. नातं या रकान्यात तिने ‘नात’ लिहिलं, आणि काउंटरवरच्या माणसाने विचारलं, मोठं कोणी नाही का? मी बाजूला उभी होते. मोठी मीच होते, पण रक्ताची नव्हते.

भाऊने त्याच रात्री तिकीट शोधलं आणि तेव्हा त्याला उमगलं की तो अडकलाय. भारताचा नागरिक नाही, त्यामुळे भारतात यायला व्हिसा हवा. व्हिसाच्या अर्जात आधीचं नागरिकत्व विचारतात. भारतीय लिहिलं की पासपोर्ट जमा केल्याचा दाखला दाखवा. तो दाखला नाही, कारण पासपोर्ट मोज्यांखाली. नातेवाइकांतला एक जण म्हणाला, त्याच पासपोर्टवर जा, कुणाला कळतंय. हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण. आई ऑपरेशनच्या टेबलावर आहे, कपाटात वैध दिसणारा पासपोर्ट आहे, आणि तो वापरणं गुन्हा आहे.

त्याने मला रात्री दोन वाजता फोन केला. मी नाही म्हटलं. धर्म म्हणून नव्हे, हिशेब म्हणून: पकडला गेला तर दंड तर होईलच, पण पुढे ओसीआयच्या अर्जाला अडथळा येईल, आणि आजींना आज एकदा भेटण्यासाठी पुढची दहा वर्षं पणाला लागतील. त्याने ऐकलं. पासपोर्ट जमा केला, दंड भरला, दाखला घेतला, व्हिसा काढला. यात तीन आठवडे गेले. तो आला तेव्हा आजी वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागल्या होत्या. त्याला बघून म्हणाल्या, “पाहुणा आला.” त्या थट्टेने म्हणाल्या. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

ओसीआय फेब्रुवारी २०२० मध्ये हातात आलं. १३ मार्चपासून भारताने व्हिसे थांबवले आणि ओसीआयवरचा विनाव्हिसा प्रवासही स्थगित केला. मे महिन्यात घरच्या आणीबाणीसाठी ओसीआयवाल्यांना सवलत मिळाली, पण विमानं मोजकी. आजी ऑगस्टमध्ये गेल्या, झोपेत. आमच्यात दफन लांबवत नाहीत. तेव्हा अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहावा माणूस मुंब्र्याहून यायला निघाला होता, त्याला नाक्यावर पोलिसांनी अडवलं. पत्र दाखवून सुटेपर्यंत आम्ही कब्रस्तानाच्या फाटकात उभे. भाऊने सगळं फोनवर पाहिलं. थोरलीने फोन दोन्ही हातांनी धरला होता आणि दर पाच मिनिटांनी विचारत होती, “बाबा, दिसतंय?” तो नोव्हेंबरमध्ये आला.

आईचा धर्म

दरम्यान बीरशेव्यात आणखी एक गोष्ट चालली होती. धाकटा तेराचा झाला तो ऑक्टोबर २०१९ मध्ये. बार मिट्झव्हाची, म्हणजे मुलगा धर्माने मोठा झाल्याच्या विधीची, वेळ. भाऊ हौसेने जवळच्या सिनेगॉगमध्ये बोलायला गेला. तिथे सौजन्याने विचारलं, मुलाची आई?

इस्रायलमध्ये दोन दरवाजे आहेत, आणि त्यांच्या चाव्या निरनिराळ्या माणसांकडे आहेत. देशात येण्याचा दरवाजा परतीच्या कायद्याचा. तिथे बाप ज्यू असला तरी चालतं. धर्माचा दरवाजा रब्बिनेटचा, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) सरकारमान्य मंडळाचा. तिथे आई ज्यू असावी लागते किंवा धर्मांतर व्हावं लागतं. आणि इस्रायलमध्ये नागरी पद्धतीने लग्न लावायची सोय नाही. ज्यू माणसाचं लग्न तिथे रब्बिनेटमार्फतच होतं. म्हणून धाकट्यासारखी मुलं सायप्रसला जाऊन लग्न करतात आणि परत येऊन नोंदवतात. तो सैन्यात जाईल, कर भरेल, पण लग्नासाठी त्याला समुद्र ओलांडावा लागेल.

समाजातल्या जुन्या माणसांना याचं नवल नाही. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी आदेश काढला होता की बेने इस्रायलांचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. आई-बाप दोघेही ज्यू असलेल्यांची ही चौकशी! १९६४ च्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, प्रकरण संसदेत गेलं, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत असं सांगितलं, आणि आदेश बदलावा लागला. मामा त्या धरण्यात होते. त्याच्याही आधी, १९५१-५२ मध्ये, काही बेने इस्रायल आम्हाला परत भारतात पाठवा म्हणून तेल अवीवला धरून बसले होते. शंभरावर लोकांना परत आणलंही. त्यातले बरेच पुढे पुन्हा इस्रायललाच गेले. तेव्हा परतीची वाट एकेरी होती असं मला कोणी सांगू नये.

वहिनीपुढे पर्याय होता: स्वतः आणि मुलासाठी गियुर, म्हणजे धर्मांतर. त्यासाठी वर्ग, घर कोशर, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळणं, धर्मन्यायालयापुढे मुलाखत. तिने महिनाभर विचार केला आणि नाही म्हणाली. मला तिने कारण सांगितलं ते असं: “वीस वर्षं सासूबाईंच्या हाताखाली मलिदा केला. पोहे किती वेळ भिजवायचे ते मला अजून कळत नाही असं त्या म्हणायच्या, पण मी कोण ते त्यांनी कधी विचारलं नाही. आता ते परक्या माणसाला पटवून देऊ?” भाऊला हे लागलं. काही महिने घरात अबोला होता. शेवटी मामांनी दिमोनात आपल्या घरी मलिदा केला, चार म्हाताऱ्यांनी मराठीत एलियाहू हन्नाबीचं गाणं म्हटलं, आणि धाकट्याचा तोच तेरावा वाढदिवस झाला. धर्माच्या दृष्टीने त्याला काही किंमत नाही. धाकटा अजून त्याबद्दल बोलतो.

निकाल

सात वर्षांनी चित्र असं आहे. वहिनीला २०२१ मध्ये नर्सिंगचा परवाना मिळाला आणि आज घरात जास्त पगार तिचा आहे. भाऊ अजून पान्यावरच आहे, पाठ धरते, पण ठाण्यात कंत्राटी झालेल्या त्याच्या जुन्या मित्रांपेक्षा बरं चाललंय असं तोच म्हणतो. धाकटा सैन्यात आहे. त्याविषयी घरात कोणी फार बोलत नाही.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर पहिल्यांदा परत येण्याची भाषा झाली. ती वहिनीने काढली. ओसीआयवर ठाण्यात राहता येईल, नोकरीही करता येईल, फ्लॅट आहेच. पण धाकटा येऊ शकत नव्हता आणि त्याला सोडून ती येणार नव्हती. १९ जून २०२५ ला बीरशेव्याच्या सोरोका रुग्णालयावर इराणचं क्षेपणास्त्र पडलं, तेव्हा वहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला पाळीवर होती. एका ९१ वर्षांच्या बाईला चाकाच्या खुर्चीसकट सुरक्षित खोलीत ढकलून दार लावलं आणि तिथून तिने थोरलीला संदेश पाठवला: ठीक आहे, जेवलीस का.

अलिबाग तालुक्यातली अकरा गुंठे वाडी हा शेवटचा धागा. सातबारावर आजी आणि आजोबांचे तीन भाऊ, त्यातले दोघं इस्रायलमध्ये वारलेले. ओसीआय असलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. ज्यूंना वारशासाठी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो, हे तलाठ्याच्या गावी नव्हतं. त्याने हिंदू वारसासारखी नोंद धरली होती. फेरफार दुरुस्त व्हायला दीड वर्ष लागलं. नोंद आता भाऊची आणि चुलत भावंडांची आहे. नारळ थोरली उतरवून घेते.

काय वेगळं करता आलं असतं

ए-वन व्हिसावर भाऊ एकटा वर्षभर आधी गेला असता तर त्याचा भारतीय पासपोर्ट शाबूत राहिला असता, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तो दुसऱ्या दिवशी ठाण्यात असता. भत्ता बुडाला असता. सहा महिन्यांच्या भत्त्यासमोर ते तीन आठवडे ठेवून बघितले तर मला हा हिशेब सरळ वाटतो. भाऊला वाटत नाही. तो म्हणतो, परतीचं दार उघडं असतं तर मी पहिल्याच हिवाळ्यात पळून आलो असतो. त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

गेल्यावर लगेच पासपोर्ट जमा करून ओसीआय काढणं ही तर साधी गोष्ट होती. यासाठी कोणाच्या अकलेची गरज नव्हती, फक्त यादीत एक ओळ हवी होती. आता मी ती ओळ प्रत्येकाच्या यादीत सगळ्यात वर लिहिते, बँकेच्याही आधी.

वहिनी आणि धाकट्याच्या बाबतीत कोणी काही लपवलं नव्हतं, पण कोणी विचारलंही नव्हतं. एजन्सीच्या मुलाखतीत हक्क आहे का एवढंच पाहतात. ‘मुलाचं लग्न तिथे कसं होईल’ हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलासाठी हास्यास्पद वाटतो, म्हणून तो ठाण्यातच विचारायला हवा होता, आणि तो विचारणं मामांचं काम होतं. धरण्यात बसलेला माणूस तो. मी एकदा त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, “आम्ही भांडलो म्हणून आता सगळं सुरळीत असेल असं वाटलं.”

आजींना नेलं असतं तर? यावर आमच्या सोसायटीत दोन तट आहेत. मी स्वतः कधी गेले नाही, त्यामुळे माझं मत धरू नका.

थोरली आता पंचविशीची आहे, ठाण्यातच नोकरी करते. तिचा पासपोर्ट भारतीय. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. आई-बाबांजवळ एखादं वर्ष राहायचंय, म्हणाली, पण सही करायची नाही कशावर. तो ए-वन व्हिसा म्हणजे नक्की काय असतं, मावशी?

मी म्हटलं, रविवारी ये. आणि आजींचा तो पत्र्याचा डबा घेऊन ये, चमचा माझ्याकडे आहे.